नवा पहारेकरी आणि जुने मुनीमजी

बँकेतील तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांच्या ताब्यात असतात. एकट्याला तिजोरी उघडता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. छत्तीस वर्षे या शिस्तीत काढल्यामुळे सुरक्षिततेविषयी आपल्याला सारे काही समजते, असा एक सूक्ष्म अहंकार माझ्या मनात घर करून बसला होता. तो कसा गळून पडला, त्याची ही हकिगत.

माझे थोरले बंधू कापडाचे व्यापारी. दुकानाची कीर्द-खतावणी टॅलीत होते. परंतु उधारी-वसुलीचा तपशील २००४ सालापासून एका छोट्या, वेगळ्या प्रोग्रॅममध्ये ठेवलेला. संगणकाच्या शिकवण्या घेणाऱ्या एका तरुणाने व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये तो लिहून दिला आणि पुढे तो परगावी स्थायिक झाला. कोणत्या गावच्या कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती बाकी, लग्नसराईत नेलेल्या मालाला किती दिवसांची मुदत, व्याज धरायचे की सोडायचे, हे सारे त्यात एका क्षणात दिसे. दादा त्याला कौतुकाने ‘मुनीमजी’ म्हणत.

२०१९ च्या दिवाळीपूर्वी मी दुकानात बसलो असता लक्षात आले, की संगणकाच्या सुरक्षा प्रणालीची मुदत सात महिन्यांपूर्वीच संपली आहे. मी दादांना समजावले, “पहारेकरी दारात उभा आहे, पण नव्या चोरांची यादीच त्याच्याकडे येत नाही.” मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’चे उदाहरण दिले. ज्या त्रुटीतून तो उपद्रव पसरला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवली नाही, अशा असंख्य संगणकांतील फायली कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागितली गेली. दादांनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाले, “तू बँकेतला माणूस. तुला योग्य वाटेल ते कर.”

मी नवी आवृत्ती विकत आणली. दोन सुरक्षा प्रणाली एकाच वेळी चालू राहिल्या, तर त्या एकमेकींच्या कामात अडथळा आणतात, एवढे मला ठाऊक होते. म्हणून जुनी रीतसर काढून, संगणक पुन्हा सुरू करून मग नवी बसवली. संपूर्ण तपासणी लावली आणि जेवायला गेलो. परत आलो तो पडद्यावर संदेश होता : एक धोका आढळला, तो दूर केला. मी समाधानाने बटण दाबले. कोणता धोका, हे वाचण्याची तसदी मात्र घेतली नाही.

सायंकाळी शेजारच्या गावचे एक जुने गिऱ्हाईक बाकी चुकती करण्यास आले. दादांनी नेहमीचे चिन्ह दाबले, काहीच उघडेना. फाईल सापडत नाही, एवढाच निरोप. दादा हसून म्हणाले, “अरे, तुझ्या नव्या पहारेकऱ्याने आमच्या मुनीमजींनाच चोर समजून हाकलले की काय?” ते हसले खरे; पण त्यांचा हात बराच वेळ माउसवरून हलला नाही. अकरा महिन्यांची उधारी त्या प्रोग्रॅममध्ये होती आणि पेन ड्राइव्हवरची शेवटची प्रत आदल्या दिवाळीची. गिऱ्हाइकाने आपल्या आठवणीतला आकडा सांगितला. दादांनी तो मान्य करून पैसे घेतले, हाताने पावती लिहून दिली. मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. त्या न बोलण्यानेच मला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी पुतण्याने मार्ग काढला. नव्या प्रणालीने ती फाईल नष्ट केली नव्हती, तर ‘क्वारंटाइन’मध्ये, म्हणजे विलगीकरणात ठेवली होती. कारणही समजले. अशा जुन्या, घरगुती प्रोग्रॅमवर निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी नसते आणि तो जगात मोजक्याच ठिकाणी वापरात असतो. अनोळखी माणसाकडे पहारेकरी संशयाने पाहणारच. उधारीची माहिती मात्र वेगळ्या डीबीएफ फायलींत होती व ती सुरक्षित होती.

“काका, संरक्षणच बंद करून टाकू या का?” पुतण्याने विचारले. मी नको म्हटले. मुनीमजींना आत घेण्यासाठी दुकानाचे दार सताड उघडे ठेवणे शहाणपणाचे नव्हे. प्रथम आम्ही विलगीकरणातील फाईल पेन ड्राइव्हवरील जुन्या प्रतीशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहिली. दोन्ही तंतोतंत जुळल्या. अर्थात मधल्या काळात तिच्यात कोणी काही घुसडलेले नव्हते. मगच ती परत आणली आणि तेवढ्या एकाच फाईलपुरती सूट दिली. संपूर्ण ड्राइव्हला नव्हे. मुनीमजी उघडले. कालच्या गिऱ्हाइकाची बाकी पाहिली. त्याने सांगितलेला आकडा रुपयासह बरोबर होता.

आमच्या बँकेत खतावण्या जाऊन संगणक आला, तेव्हा कित्येक महिने दोन्ही पद्धती समांतर चालवल्या. रोज सायंकाळी दोहोंची बेरीज जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. हे सारे स्वतः केलेला मी, भावाच्या दुकानात मात्र प्रत न काढता कुलूप बदलायला निघालो होतो! नवे संरक्षण आणण्यात माझी चूक नव्हती; जुन्या सेवकाची नव्या पहारेकऱ्याशी ओळख करून न देण्यात होती.

म्हणून व्यापारी बंधु-भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते. संरक्षण बदलण्यापूर्वी रोजच्या वापरातील जुन्या प्रोग्रॅमची यादी करावी. प्रोग्रॅम आणि त्याची माहिती, दोहोंची प्रत काढून ती संगणकापासून अलग ठेवावी आणि ती उघडते का, हे पाहावे. बदल गर्दीच्या दिवसांत करू नये. ‘धोका दूर केला’ हा संदेश पूर्ण वाचावा.

आणखी एक गोष्ट. जुन्या सेवकालाही कधीतरी निवृत्ती असते. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्ये थांबवला, तर विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी. डॉसच्या काळातील सोळा बिटांचे प्रोग्रॅम तर चौसष्ट बिटांच्या विंडोजवर थेट चालतच नाहीत. म्हणून आम्ही इंटरनेटच्या कामासाठी नवा संगणक घेतला, मुनीमजींना जुन्याच संगणकावर, नेटची तार काढून ठेवले आणि डीबीएफमधील सारी उधारी स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेतली. प्रोग्रॅम उद्या बंद पडला, तरी हिशेब हाती राहील.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला दादांनी वहीवर कुंकू वाहिले आणि शेजारी पेन ड्राइव्ह ठेवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “आजची प्रत आहे. उघडून पाहिली आहे.”