आधी मास्टर बंद!

उजनीच्या बॅकवॉटरवर चार हजार फुटांवरून वळणांचा सराव चालला होता. सेस्ना १७२, डावीकडे मी, उजवीकडे सर. जळक्या प्लास्टिकचा वास आला. खाली कुणी पाचट पेटवलं असेल असं मनात येतंय तोच रेडिओच्या पॅनेलखालून धुराची निळसर रेघ निघाली आणि पुढच्या काचेवर पसरली. घसा खवखवू लागला.

अशा वेळी हात आपोआप रेडिओकडे जातो. आपण संकटात आहोत हे कुणाला तरी कळावं, एवढंच सुचतं. पण जळत होतं ते तिथेच! "आधी मास्टर," सर म्हणाले. मी लाल स्विचचे दोन्ही भाग खाली दाबले. एक बॅटरीचा, दुसरा अल्टरनेटरचा. हेडफोनमधली खरखर थांबली, पॅनेलवरचे दिवे विझले. इंजिन मात्र त्याच लयीत चालू होतं.

ते चालणारच होतं. ठिणगी देणारे मॅग्नेटो इंजिनच्याच गतीवर फिरतात, त्यांना बॅटरी लागत नाही. या विमानाच्या टाक्या पंखांत, वरच्या अंगाला असतात. पेट्रोल उताराने खाली येतं. वेग आणि उंची दाखवणारी यंत्रं हवेच्या दाबावर चालतात. गेलं ते रेडिओ, ट्रान्सपाँडर, इंधनाचे काटे आणि फ्लॅप्स.

सरांनी सीटजवळचा अग्निशामक काढून मांडीवर घेतला. मी हवेचे झरोके आणि हीटर बंद केले; आगीला वारा मिळता कामा नये. धूर विरला, नवा येईना, तेव्हाच झरोके उघडले. "परत चालू करून बघू का?" मी ओरडून विचारलं. सरांनी नुसती मान हलवली. वायर कुठे उघडी पडली आहे हे माहीत नसताना पुन्हा वीज सोडणं म्हणजे विझलेल्या चुलीत फुंकर मारणं.

बारामतीच्या धावपट्टीवर येताना आम्ही मुके होतो. म्हणून आधी धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीच्या, म्हणजे सर्किटच्या वरून जाऊन वाऱ्याची पिशवी पाहिली, इतर विमानं कुठे आहेत ते हेरलं. फ्लॅप्सविना विमान लवकर खाली बसत नाही. लांबून, सपाट उताराने, ७० नॉट धरून उतरलो. धावपट्टी नेहमीपेक्षा जास्त लागली. नंतर कळलं, रेडिओमागच्या एका वायरचं आवरण कडेला घासून सोललं होतं, धातूचा पत्रा काळा पडला होता.

१९९८ साली हॅलिफॅक्सजवळ स्विसएअरचं विमान वायरिंगच्या आगीने समुद्रात कोसळलं, २२९ माणसं गेली. पहिल्या वासापासून शेवटापर्यंत साधारण २१ मिनिटं होती. त्या मोठ्या विमानाची गुंतागुंत आमच्या वाट्याला नव्हती. आमचा उपाय एका स्विचवर होता.

शिकाऊ वैमानिकांना एवढंच सांगणं: उभ्या विमानात बसा, डोळे मिटा आणि मास्टरवर हात नेऊन दाखवा. या सरावाला पेट्रोल लागत नाही.