काचेपलीकडचं जेवण

मित्रांनो, मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही कुठे जाता? मामाच्या गावाला ना? आमची मुलंही गेली. फक्त त्यांच्या मामाचं गाव जरा लांब आहे. अमेरिकेतलं अटलांटा!

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही चौघं नागपूरहून निघालो. मी, मुलांचे बाबा, सातवीतला चिनू आणि तिसरीतली सई. माझा धाकटा भाऊ तिथे बावीस वर्षांपूर्वी शिकायला गेला आणि तिथलाच झाला. तो फोनवर सारखा सांगायचा, "ताई, पोरांना घेऊन ये. ऑर्लँडोला नेतो त्यांना." ऑर्लँडो म्हणजे फ्लॉरिडा राज्यातलं थीम पार्कांचं शहर. अटलांट्याहून गाडीने सातशे किलोमीटर. मामा, मामी आणि आम्ही चौघं, असे सहाजण भल्या पहाटे निघालो. मागे सामान, सामानावर सई, आणि सईच्या मांडीवर चिवड्याचा डबा.

वाटेत मामाने त्याची गोष्ट सांगितली. मुलांनी ती पहिल्यांदाच ऐकली, आणि खरं सांगते, मीसुद्धा.

२००२ साली तो आणि त्याचे दोन मित्र असेच ऑर्लँडोला आले होते. कॉलेजच्या लायब्ररीत काम करून साठवलेले पैसे होते. ते सगळे तिकिटात गेले. खायला पिशवीत पाव आणि शेंगदाण्याचं लोणी. दुपारी तिघं एका बाकावर बसून तेच खात होते. समोर एक मोठं हॉटेल होतं, जुन्या लाकडी जहाजासारखं बांधलेलं. दोरखंड, कंदील, गोल काचांच्या खिडक्या. एका काचेतून आतलं टेबल दिसत होतं. सईएवढा एक मुलगा बसला होता नि त्याच्यापुढे आइस्क्रीमचा डोंगर! त्यावर चक्क फुलबाजी तडतडत होती.

"तेव्हाच ठरवलं," मामा म्हणाला. "माझी भाचरं येतील, तेव्हा त्यांना ह्याच हॉटेलात जेवायला घालायचं."

आणि त्याने खरंच दोन महिने आधी टेबल सांगून ठेवलं होतं! अशा ठिकाणी आयत्या वेळी गेलं तर जागा मिळत नाही, बरं का.

ते पार्क कोणतं आणि हॉटेल कोणतं, ते मी सांगणार नाही. सहा माणसांच्या एका दुपारवरून कुणाच्या नावाने बोंब मारणं बरं नाही. शिवाय ऑर्लँडोत पार्कं काही एक-दोन नाहीत. ही सगळी तिथे आली कशी, ते मात्र सांगायला हवं, कारण ती गोष्ट आपल्या नागपूरकरांच्या जिव्हाळ्याची आहे. ऑर्लँडो ज्या जिल्ह्यात आहे ना, त्याचं नावच ऑरेंज कौंटी. म्हणजे संत्रा जिल्हा! पूर्वी इथे मैलोन् मैल संत्र्यांच्या बागा होत्या. १८९४-९५ च्या हिवाळ्यात अशी थंडी पडली, की झाडंच्या झाडं मेली. लोकांनी पुन्हा लावली. १९८० नंतरच्या दहा वर्षांत पुन्हा तीन-चारदा कडाक्याची थंडी आली, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी बागांचा नाद सोडून जमिनी विकल्या. वॉल्ट डिस्नीच्या कंपनीने त्याच्याही आधी, १९६४-६५ च्या सुमारास, सुमारे २७ हजार एकर जमीन गुपचूप घेऊन ठेवली होती. गुपचूप अशासाठी, की 'डिस्नी घेतोय' असं कळलं असतं तर भाव आकाशाला भिडले असते. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने खरेदी! बिचारा वॉल्ट डिस्नी १९६६ मध्ये गेला. त्याने 'डिस्नी वर्ल्ड' पाहिलंच नाही. ते उघडलं १ ऑक्टोबर १९७१ ला. मग १९७३ मध्ये सी वर्ल्ड आलं, १९९० मध्ये युनिव्हर्सल. संत्र्यांच्या गावात पाळणे फिरू लागले.

तर, आमचा तो दिवस. सकाळपासून चिनू आणि सई नुसते उधळले होते. राइड्स तर काय सांगू! एका गाडीने आम्हाला उलटं टांगलं, तेव्हा मुलांच्या बाबांनी मारुतीस्तोत्र सुरू केलं, आणि ते संपायच्या आत गाडी थांबलीसुद्धा. पण मेमधलं फ्लॉरिडा म्हणजे आपल्या कोकणासारखं. ऊन कमी जाळतं, घाम जास्त काढतो. दीड वाजेपर्यंत सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. मामाने कुणालाही काही खाऊ दिलं नव्हतं. "पोटात जागा ठेवा!" एवढंच.

टेबल दीड वाजताचं होतं. आत बसायला सव्वादोन झाले.

आत सगळं मामाने सांगितलं होतं तसंच होतं. कंदील, दोरखंड, गोल काचा. सई टाळ्या वाजवायला लागली. मग जेवण आलं.

आम्ही मांसाहार करत नाही, त्यामुळे यादीत आमच्यासाठी चारच पदार्थ होते. पास्ता आला तो वरून गरम नि मध्ये गार. त्यावरचा टोमॅटोचा रस आंबट नाही, गोड नाही, तिखट तर नाहीच. उकडलेली ब्रोकोली होती, तिला मीठ लावायचं कुणीतरी विसरलं असावं. बर्गरमधली बीन्सची टिक्की चावताना भुशासारखी लागत होती. आणि संत्र्याचा रस! नागपूरची मुलं, त्यांनी ऑरेंज कौंटीत संत्र्याचाच रस मागवला. चिनूने एक घोट घेतला नि पेला खाली ठेवला. "आई, ह्याला वासच नाही गं."

त्याचं कारण मला मामीने सांगितलं. संत्र्याच्या रसातलं पाणी काढून तो घट्ट करायचा आणि गोठवून ठेवायचा, ही युक्ती १९४० नंतरच्या काळात ह्याच फ्लॉरिडात निघाली. पाणी उडवताना रसाचा वासही उडून जातो. म्हणून मग घट्ट रसात थोडा ताजा रस मिसळतात. आमच्या पेल्यात ते मिसळणं जरा कमीच झालं असावं.

पण मित्रांनो, खरी पंचाईत चवीची नव्हतीच. खरी पंचाईत होती मामाची. तो स्वतः जेवतच नव्हता. आमच्या तोंडांकडे बघत होता.

"आवडलं ना?"

"छान आहे हं!" मुलांचे बाबा म्हणाले. मीही मान डोलावली. चिनूने माझ्याकडे पाहिलं आणि शहाण्यासारखा घास गिळला. राहिली सई.

"मामा," ती म्हणाली, "ह्याला चव कुठे आहे?"

मी टेबलाखालून तिला चिमटा काढला. हो, काढला. आता लिहिताना लाज वाटते, पण काढला. ती ओरडली, "आई गं! चिमटा का काढतेस? खरंच नाहीये चव!"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण चिमटा कुठल्याही भाषेत कळतो. मामाने काटा खाली ठेवला.

"ताई, तू खरं सांग."

काय सांगणार? त्याने दोन महिने आधी टेबल ठरवलेलं. बिल दिसलं नव्हतं, पण यादीतले आकडे दिसले होते. मी म्हटलं, "अरे, पोट भरलं ना!" हे उत्तर देऊ नये असं म्हणतात, कारण ते ऐकणाऱ्याला सगळं समजतं.

मामाने मग स्वतः पास्त्याचा घास घेतला. बराच वेळ चावला. "बावीस वर्षं," तो म्हणाला, "मला वाटत होतं की आत काहीतरी अफाट असणार." आणि तो हसला. मामी हसली. पण हसताना तो त्या गोल काचेकडे बघत होता, ते मला दिसलं. बाहेरच्या बाकावर एक कुटुंब पिशवीतून सँडविच काढून खात होतं.

"मामा, ते लोक आपल्याकडे बघतायत," सई म्हणाली. तिने त्यांना हात केला. त्यांच्यातल्या मुलीनेही केला.

शेवटी आइस्क्रीम आलं. डोंगर नव्हता, टेकडी होती. फुलबाजी नव्हती. मामाने वाढणाऱ्या मुलीला विचारलं. ती बिचारी फार गोड होती, म्हणाली, इथे कामाला लागल्यापासून मी तरी फुलबाजी पाहिली नाही. टिप धरून बिल झालं दोनशे चाळीस डॉलर. चिनूने मनातल्या मनात गुणाकार केला आणि बाहेर आल्यावर माझ्या कानात सांगितलं, "आई, वीस हजार रुपये!" मामासमोर बोलला नाही, हे त्याचे उपकार.

संध्याकाळी रांगेत उभं असताना चिनूने विचारलं, "एवढी अवघड राइड बनवता येते, मग साधा पास्ता का नाही येत?" प्रश्न बरोबर आहे. एका पार्कात एका दिवशी हजारो माणसं येतात आणि साधारण सगळ्यांना बारा ते दोनमध्येच भूक लागते. प्रत्येकासाठी ताजं कोण करणार? म्हणून आधी करून ठेवायचं आणि गरम पाण्यावरच्या ट्रेमध्ये ठेवून द्यायचं. तिखट-मीठ इतकं बेताचं, की देशोदेशीच्या कुणालाच खटकू नये. मग ते कुणालाच आवडतही नाही! आणि गिऱ्हाईक रुसून जाणार कुठे? फाटक एक मैलावर.

भुकेचा हिशेब मोठमोठ्यांचाही चुकतो. कॅलिफोर्नियातलं पहिलं डिस्नीलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं, तेव्हा खोटी तिकिटं छापून भलतीच गर्दी आत शिरली. खाणं-पिणं संपून गेलं. त्यात नळ जोडणाऱ्या कामगारांचा नुकताच संप झालेला. वेळ इतका थोडा, की प्यायच्या पाण्याचे नळ तयार करायचे की संडास, असा प्रश्न पडला. डिस्नीने संडास निवडले. (तुम्ही काय निवडलं असतं?) पुढे १२ एप्रिल १९९२ ला पॅरिसजवळ युरो डिस्नी उघडलं. युरोपातले लोक सकाळी नाश्ता करतच नाहीत, असं कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून नाश्त्याच्या जागा छोट्या ठेवल्या. आणि बघतात तो काय, सगळेच नाश्त्याला हजर! साडेतीनशे खुर्च्यांच्या ठिकाणी अडीच हजार माणसांना वाढायची पाळी आली. दुपारीही तेच. फ्रेंच माणसाला साडेबाराला जेवायला बसायचं असतं, म्हणजे सगळ्यांना एकदम! आपल्याकडे लग्नात पहिल्या पंगतीला जी झुंबड उडते ना, तशी.

दुसऱ्या दिवशी आम्ही एपकॉटला गेलो. तिथे एका तळ्याभोवती अकरा देशांची छोटी छोटी गावं उभी केली आहेत. मेक्सिको, नॉर्वे, जपान, मोरोक्को... भारत नाही. सईने दोनदा मोजले. मामी म्हणाली, आज टेबल नको, एकेका देशात एकेक पदार्थ घ्यायचा आणि सहाजणांनी वाटून खायचा. हे छान जमलं. फ्रान्समधला पाव आवडला. त्या दिवशी मामाने कुणालाच काही विचारलं नाही. मला ते बरं वाटलं नाही.

परतीच्या वाटेवर फ्लॉरिडा संपून जॉर्जिया राज्य लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट शेतं. अमेरिकेत पिकणाऱ्या भुईमुगातला जवळजवळ निम्मा एकट्या जॉर्जियात पिकतो. १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर इथलेच शेंगांचे शेतकरी होते. टिफ्टन गावाच्या आसपास पेट्रोल भरायला थांबलो, तर पंपाशेजारी पत्र्याच्या छपराखाली एक म्हातारे आजोबा बसले होते. त्यांच्यापुढे गॅसवर एक भलंमोठं पातेलं रटरटत होतं. चिनूने डोकावून पाहिलं आणि तिथूनच ओरडला, "आई! उकडलेल्या शेंगा!"

खरंच! मिठाच्या पाण्यात तासन् तास उकडलेल्या शेंगा. फरक एवढाच, की आपण पावसाळ्यानंतर ओल्या शेंगा आल्या की उकडतो. हे लोक एरवी वाळलेल्या शेंगा भिजवून बारा महिने उकडतात. दोन प्रकार होते, एक साधा आणि एक तिखट. मुलांच्या बाबांनी तिखट म्हटल्यावर आजोबा जरा काळजीने बघायला लागले. बाबांनी चार खाल्ल्या नि मान हलवली. तेव्हा आजोबांनी आणखी मूठभर वरून घातल्या, फुकट!

आम्ही गाडीभोवती उभे राहून खायला लागलो. फोल फोडली की खारट गरम पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. बॉनेटवर फोलांचा ढीग झाला. कुणी बोलत नव्हतं. जरा वेळाने मामाने, अगदी हळूच, विचारलं, "आवडल्या ना?"

सईचं तोंड भरलेलं होतं. तिने नुसती रिकामी पिशवी उलटी करून त्याला दाखवली, आणि मामा पैसे काढत पातेल्याकडे निघाला.