हातचे राखून

कोकणचा किनारी मार्ग रेवसपासून रेडीपर्यंत पाचशे किलोमीटरांच्या आसपास भरतो, आणि तो एकट्याने सायकलवरून करू पाहणाऱ्याला पहिल्या दोन दिवसांतच उमगते की हा रस्ता समुद्राच्या काठाने जात असला तरी सपाट मुळीच नाही. याचे कारण भूरचनेत आहे. जांभ्या दगडाचे उघडे, विस्तीर्ण माथे, ज्यांना कोकणात सडे म्हणतात, ते किनाऱ्याजवळ अनेक ठिकाणी शंभर-दीडशे मीटर उंचीवर येऊन एकदम तुटतात; नद्यांनी आणि त्यांच्या मुखातून आत शिरणाऱ्या भरतीच्या पाण्याने, म्हणजे खाड्यांनी, हे सडे जागोजागी चिरलेले आहेत; आणि माणसांची वस्ती, नारळी-पोफळीची आगरे, देवळे आणि बंदरे ही सारी खाली पाण्याच्या पातळीला असल्यामुळे रस्ता प्रत्येक गावासाठी खाली उतरतो, गाव ओलांडले की सड्यावर चढतो आणि पुढच्या खाडीला पुन्हा खाली येतो. एकही चढ सह्याद्रीतल्या घाटाएवढा नसतो, पण दिवसभरातल्या साऱ्या चढांची बेरीज हजार-बाराशे मीटरांवर सहज जाते.

या बेरजेची किंमत मांडता येते. स्वार, सायकल आणि सामान यांचे मिळून 85 किलो वजन धरले, तर ते 100 मीटर वर नेण्यासाठी सुमारे 83 किलोज्यूल काम करावे लागते. परंतु स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोहोचवतात आणि उरलेला उष्णतेच्या रूपाने घामावाटे घालवतात, म्हणून अशा एका चढाला 80 किलोकॅलरी लागतात, आणि बाराशे मीटरांना साडेनऊशेच्या वर. ही खर्च झालेली ऊर्जा उतारावर परत मिळेल अशी आशा नवखा स्वार धरतो, ती फोल ठरते. कारण कोकणातले उतार वळणांचे आणि वळणावर लाल खडी पसरलेले असल्याने बराच वेग ब्रेकमध्येच जिरवावा लागतो, आणि जेथे सायकल मोकळी सोडता येते तेथे वेगाबरोबर झपाट्याने वाढणारा हवेचा विरोध ती ऊर्जा गिळून टाकतो.

मराठीत एखादा गायक हातचे राखून गायला असे म्हटले, तर ती तक्रार असते. अनेक दिवसांच्या एकट्या सायकलप्रवासात मात्र हातचे राखणे हाच कसबाचा गाभा आहे, आणि ते राखायचे असते ते चढावर. एका दिवसाच्या फेरीत दमलेले शरीर घरी जाऊन दोन दिवस विसावते. सहा-सात दिवसांच्या वाटेवर आजची उधळपट्टी उद्याच्या खाती मांडली जाते आणि ती वसूल करणारा चढ हमखास पुढे उभा असतो. शेकडा 8 चा चढ, म्हणजे 100 मीटर पुढे जाताना 8 मीटर वर नेणारा रस्ता, ताशी 10 किलोमीटरने चढायचा तर वर सांगितलेल्या वजनाला 200 वॅटच्या आसपास शक्ती सतत द्यावी लागते. तोच चढ ताशी साडेसात किलोमीटरने चढला तर 150 वॅटमध्ये भागते. पुढच्या चकतीला 34 आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला 34 दाते असले, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकही एकदाच फिरते आणि सायकल सुमारे 2.1 मीटर पुढे सरकते. मिनिटाला 60 फेरे, ज्याला कॅडेन्स म्हणतात, इतके शांतपणे फिरवले की नेमका साडेसातचा वेग मिळतो. त्या वेगाने वाटेवरच्या बकऱ्याही पुढे निघून जातात, आणि त्यांना जाऊ द्यावे.

हलक्या गिअरला कमीपणा मानण्याची खोड जुनी आहे. ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने लिहिणारे फ्रान्समधील सेंत-एतिएनचे पॉल द व्हिव्ही (1853–1930) यांनी गिअर बदलण्याच्या सोयीचा आयुष्यभर पुरस्कार केला, तरी तूर द फ्रान्स या शर्यतीत डिरेलरला, म्हणजे चालत्या सायकलची साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला, 1937 पर्यंत मज्जाव होता. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे आणि केवळ मिरवण्यासाठी पेडल मारू नये, या अर्थाचे त्यांनी घालून दिलेले नियम आजही जसेच्या तसे लागू पडतात.

त्यातला खाण्याचा नियम एकट्याला सर्वांत अवघड जातो. यकृतात आणि स्नायूंत मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा साधारण 500 ग्रॅम असतो. तो आटू लागला की पाय जड होण्याच्याही आधी मन बिघडते. फाटा चुकतो, कुत्र्याच्या भुंकण्याचा राग येतो, बाटलीत पाणी असूनही ती काढण्याचा कंटाळा येतो. जोडीदार असता तर त्याने चेहरा पाहून थांबवले असते. एकट्याच्या बाबतीत हिशेब ठेवणारा आणि खर्च करणारा एकच असतो, आणि खर्च वाढला की हिशेबनीस आधी झोपतो. म्हणून भुकेवर न विसंबता घड्याळावर विसंबायचे, दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाकायचे. त्यासाठी महागड्या पाकिटांची गरज नाही: केळी, गूळ-शेंगदाणे, सकाळी घावन किंवा आंबोळी, उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज, आणि दुपारी मीठ-साखरेचे कोकम सरबत, ज्यातून घामाने गेलेले पाणी आणि क्षार दोन्ही भरून निघतात. टपरीवर टेकले की ‘एकटेच?’ हा प्रश्न येतोच. तो आपुलकीचा असतो, आणि त्याला दिलेले सविस्तर उत्तर हीसुद्धा डोके ठिकाणावर असल्याची चाचणी आहे.

हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात, त्यांचा रोख या किनाऱ्यावर बहुधा वायव्येकडून असतो. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला जाणे शहाणपणाचे.

खाड्या मात्र कोणाच्याही नियोजनाला जुमानत नाहीत. आगरदांड्याहून दिघीला राजपुरीच्या खाडीतून, बागमांडल्याहून वेश्वीला सावित्रीवरून, दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठीवरून आणि तवसाळहून जयगडला शास्त्रीवरून गाड्यांसह माणसे नेणाऱ्या बोटीने, जिला तेथे जंगलजेट्टी म्हणतात, पलीकडे जाण्याची रीत आहे. उतारावरून धापा टाकत येऊन सुटलेली बोट पाहणे हा घाईचा खरा मोबदला. धक्क्यावर बसून राहावे लागते, ओहोटी असेल तर चिखलातले खेकडे दिसतात, मासळीच्या पाट्या घेऊन आलेल्या बाया भाव बोलतात, आणि या सक्तीच्या अर्ध्या-पाऊण तासात पायांना जी विश्रांती मिळते ती स्वतःहून कोणी घेतली नसती. या खाड्यांवर पूल व्हावेत ही तिथल्या लोकांची मागणी न्याय्यच आहे, रुग्णाला आणि विद्यार्थ्याला बोटीची वाट पाहायला लावणे बरे नव्हे. तरीही ज्या दिवशी हे धक्के ओस पडतील, त्या दिवशी सायकलवाल्याचा एक शिक्षक जाईल.

राखण्याचा हाच नियम सामानालाही लागू आहे. मुक्कामी पोहोचल्यावर आंघोळीपूर्वी टायरवरून अंगठा फिरवायचा, सावकाश, एका बाजूने पूर्ण फेरा. रस्त्यावर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली केसाइतकी बारीक पोलादी तार रबरात घुसून बसलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, कातडीला टोचते, आणि चिमट्याने तेथेच उपटली तर उद्याचे पंक्चर टळते. रेसिंग सायकलच्या ट्यूबचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाला बसत नाही, त्यासाठी नखाएवढे पितळी अडॅप्टर जवळ असावे. साखळी जुन्या फडक्यात धरून पेडल उलटे फिरवले की फडके विटकरी काळे होते: सड्यावरची तांबडी धूळ तेलात मिसळून कानशीप्रमाणे दाते झिजवत असते.

शरीराची तपासणी सकाळी, अंथरुणातच. मनगटावरची नाडी मिनिटभर मोजायची. एरवी 56 भरणारी नाडी 66 भरली, तर कालचा हिशेब अजून मिटलेला नाही. धोपाव्याहून वेळणेश्वर गाठायचे ठरले असले तरी गुहागरलाच थांबायचे, दुपारी वरण-भात जेवून ओटीवर आडवे व्हायचे आणि सायकल अंगणातल्या पोफळीला टेकवून ठेवायची.