खुडूक

मराठी खेड्यात ‘खुडूक’ हा शब्द दोन सुरांत उच्चारला जातो. अंडी विकायची असली तर त्यात तक्रार असते. पिले हवी असली तर समाधान. अंडी देणे थांबवून, पिसे फुलवून, हात लावणाऱ्याला टोचत कोंबडी कोपरा धरते. पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे प्रोलॅक्टिन वाढलेले असते, अंडाशय आक्रसलेले असते आणि अंडी फुटेपर्यंतचे २१ दिवस ती दाण्यापाण्यापुरतीच उठते. नको त्या वेळी खुडूक झालेल्या कोंबडीला पाण्यात बुचकळतात, तिच्या नाकपुडीत पीस अडकवतात. तरीही ती पुन्हा आपल्या कोपऱ्याकडेच वळते.

हा हट्ट लेगहॉर्नच्या रक्तातून जवळजवळ पुसला गेला आहे. इटलीतील लिव्होर्नो बंदराच्या इंग्रजी नावाने ओळखली जाणारी ही हलक्या अंगाची कोंबडी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पोहोचली आणि पैदासकारांच्या हाती पडली. बसणारी कोंबडी वंशातून वगळायची, न बसणारी ठेवायची, हा क्रम पिढ्यानुपिढ्या चालला. तिची रानातली पूर्वज मोजकी अंडी घालून त्यांवर बसे. ही पांढरी वारस वर्षाला सुमारे ३०० अंडी देते. एकेका कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते. खाद्यातून ते पुरेसे मिळाले नाही, तर ते तिच्या हाडांतून निघते.

चंडीगढलगतच्या पंचकुला जिल्ह्यात, बरवाल्याच्या परिसरात, अशा कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेड आहेत. पिंजऱ्याचा तळ उतरता असतो. घातलेले अंडे लगेच घरंगळत बाहेर जाते. पोटाखाली अंड्यांचा स्पर्श राहिला तर खुडूकपण टिकते, आणि तो स्पर्शच येथे घडत नाही. इतके होऊनही क्वचित एखादी लेगहॉर्न अडून बसते, हे पाळणाऱ्यांना ठाऊक आहे.

आईचे काम मात्र कोणाला तरी करावेच लागते. चंडीगढच्या औद्योगिक क्षेत्रात केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. मुंबईच्या आरे वसाहतीत तिचेच पश्चिम विभागाचे केंद्र आहे. अशा ठिकाणी उबवणी यंत्र सुमारे ३७.५ अंश सेल्सिअसची ऊब धरून ठेवते आणि ठरावीक अंतराने अंडी कलती करते. कोंबडी हेच काम चोचीने करते. परसातील कुक्कुटपालनासाठी चंडीगढच्या संस्थेने ‘चॅब्रो’ ही रंगीत जात तयार केली. एक दिवसाची पिले संस्थेतून खेड्यांकडे जातात. परंतु सुधारित जातींच्या माद्या सहसा अंड्यांवर बसत नाहीत. पुढची पिढी हवी असेल, तर पुन्हा संस्थेची वाट धरावी लागते. नाहीतर त्यांची अंडी शेजारच्या गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात.

गावठी कोंबडी अंडी थोडी देते आणि वर्षातले कितीतरी दिवस बसण्यात घालवते. हिशेबाच्या वहीत ते दिवस तोट्याचेच. पण विजेचा भरवसा नसलेल्या घरातल्या बाईला त्याच दिवसांतून पिले मिळतात, आणि त्यांसाठी कोणाच्या दारी जावे लागत नाही. वंशसुधारणेच्या ओघात ही कोंबडी परसातून नाहीशी झाली, तर ‘खुडूक’ या शब्दातला समाधानाचा सूर तर हरपेलच, तक्रार करायलाही कोपऱ्यात कोणी बसलेले नसेल.