गिरणेच्या पोटांतलें धन

नदीकांठच्या गांवाला नदी वर्षानुवर्षें जें देते, तें कधीं कधीं एका रात्रींत परत नेते. खानदेशांतील भडगांव हें अशा गांवांपैकींच एक. पाचोऱ्यास आगगाडींतून उतरून भडगांवाकडे निघालें म्हणजे वाटेंत कपाशीचीं काळीं रानें व केळीचे मळे लागतात, आणि मग गिरणेचें रुंद पात्र दिसूं लागतें. सह्याद्रींत उगम पावलेली ही नदी पुढें तापीस मिळते. नांदगांवनजीकचें गिरणा धरण १९६९ सालीं पुरें झालें. तेव्हांपासून पावसाळा सरल्यावर या पात्रांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक दिसते. धरणाचें आवर्तन सुटलें म्हणजे तेवढ्यापुरते डोह भरतात.

हीच गिरणा १८७२ सालच्या सप्टेंबरांत अचानक फुगली आणि भडगांवचीं शेंकडों घरें वाहून गेलीं. घर वाहतें तेव्हां केवळ मातीच्या भिंती वाहत नाहींत. त्या काळीं आपल्या लोकांची पेढी म्हणजे चुलीखालची जमीन आणि देवघरामागचा कोनाडा. गाडग्यांत पुरलेले रुपये, पुतळ्यांची माळ, लेकीसुनांचे तोडे अशा किती वस्तु त्या रात्रीं वाळूखालीं गेल्या असतील, हा विचार नदीकांठीं उभ्या राहणाऱ्याच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. डोहांत सूर मारून तळाची मूठभर वाळू वर आणणें हा नदीकांठच्या मुलांचा जुना खेळ आहे. अशा मुठींतून एखादे वेळीं जुनें नाणें निघालें, किंवा वाळू उपसतांना फावड्याला हंड्याचा कांठ लागला, तर तें धन कोणाचें?

‘ज्याला सांपडलें त्याचें’ हें लोकांचें उत्तर. कायद्याचें उत्तर निराळें आहे. त्या पुरानंतर सहा वर्षांनीं, १८७८ सालीं, निखातनिधीचा कायदा झाला. जमिनींत दडलेलें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन ज्यास सांपडेल त्यानें कलेक्टरास लेखी कळवावें, असें त्यांत सांगितलें आहे. वस्तु कोणती व किती, ती कोठें सांपडली आणि केव्हां सांपडली, हें त्या पत्रांत लिहावयाचें. आणि धन सरकारी खजिन्यांत ठेवावयाचें किंवा त्याबद्दल जामीन द्यावयाचा. मग कलेक्टर जाहीर सूचना काढून चौकशी करतो. शंभर वर्षांच्या आंत कोणी तें पुरल्याचें दिसलें, तर हक्क सांगणाऱ्यास दिवाणी कोर्टांत जाण्याची मुदत मिळते. धन बेवारस ठरलें आणि जागेच्या मालकाशीं कांहीं करार नसला, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे व एक हिस्सा मालकाचा. नदीचें पात्र मात्र १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें सरकारच्याच मालकीचें असतें. सरकारास वस्तु स्वतःकडे ठेवावयाची असल्यास धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन ती घेतां येते. लपविणाऱ्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते.

धातूच्या भावानें इतिहासाचें मोल करणारा हा एक पंचमांश आम्हांस कंजूषपणाचा वाटतो. गरिबाच्या हातीं हंडा लागला आणि त्यानें सोनाराची वाट धरली, तर त्याचें कारण समजण्यासारखें आहे. पण मुशींत गेलेली वस्तु कोणालाच परत मिळत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

नगर जिल्ह्यांत प्रवरेकांठीं दायमाबाद म्हणून गांव आहे. तेथें १९७४ सालीं झाडाचें मूळ खणतांना एका भिल्ल शेतकऱ्यास ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा व रेडा सांपडले. चौघांचें मिळून वजन साठ किलोंहून अधिक. मोडींत घातले असते तर चार पैसे मिळाले असते, आणि गोष्ट तेथेंच संपली असती. त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत अद्याप वाद आहे; पण वाद घालावयास वस्तु तरी शिल्लक आहेत!

समुद्राची गोष्टही हीच. गोव्यांत मुरगांवजवळच्या सुंची खडकापाशीं उथळ पाण्यांत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांस सतराव्या शतकांतील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत तोफा होत्या, हस्तिदंत होते आणि पाणघोड्याचे दांतही होते. पाणघोडा आफ्रिकेचा, म्हणजे त्या दांतांनीं एका व्यापारी वाटेची साक्ष दिली. बुडालेल्या जहाजाच्या मालालाही कायदा लागतो. १९५८ च्या जहाजविषयक कायद्यानें असा माल सांपडल्यास नेमलेल्या अधिकाऱ्यास कळविण्याचें बंधन घातलें होतें; धन्यास हक्क सांगावयास एक वर्ष आणि माल वाचविणाऱ्यास योग्य मोबदला, अशीही त्यांत सोय होती. २०२५ सालीं त्याच्या जागीं नवा कायदा मंजूर झाला.

या सर्व नियमांत आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो ‘कोठें’ हा एक शब्द. पेटींत ठेवलेलें नाणें हें धातूचा तुकडा. कोणत्या डोहांत, किती खोल, कशाच्या शेजारीं तें होतें हें ठाऊक असलें, तर तेंच नाणें गांवाच्या इतिहासाचें एक पान होतें. म्हणून सुट्टींत मुलेंबाळें आजोळीं नदीवर पोहावयास गेलीं आणि कांहीं हातीं आलें, तर वडील मंडळींनीं तें चिंचेनें घासूं नये, सोनाराकडे धाडूं नये. जागेची खूण करून ठेवावी आणि तलाठ्यास सांगून कलेक्टरास कळवावें. हिस्सा मिळेल तो मिळेल. पण १८७२ च्या रात्रीं ज्यांचें सर्वस्व वाळूखालीं गेलें, त्यांचें नांवनिशाण आपल्या हातून दुसऱ्यांदा बुडूं नये, एवढें तरी आपल्या हातीं खास आहे.