वात झाला

इस्पितळांत दोन-तीन रात्री काढल्यावर एखादे वृद्ध गृहस्थ असंबद्ध बोलूं लागले, कीं घरची मंडळी दोहोंपैकीं एक निदान करतात. कोणी म्हणतें, ‘वात झाला’. कोणी सुस्कारा टाकून म्हणतें, ‘साठी बुद्धि नाठी’. पहिलें निदान अडाणी आजीबाईचें आणि दुसरें जाणत्या माणसाचें, अशी आपली समजूत आहे. मला मात्र आजीबाईच सत्याच्या अधिक जवळ वाटते. वात हा कांहीं झालें तरी शरीराचा विकार. तो चढतो, तसा उतरतोहि. बुद्धीच नाठली म्हटल्यावर उपाय शोधण्याचें कारणच उरत नाहीं.

माझ्या आत्यांच्या आजारांत हें मीं जवळून पाहिलें. वय ८२, खुब्याचें हाड मोडलें होतें. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, आणि तिसऱ्या रात्रीं त्या परिचारिकेस ‘वन्सं’ म्हणून हाका मारूं लागल्या. वासरूं सुटलें आहे, तें सारें दूध पिऊन टाकील, ह्या धास्तीनें त्या पुनःपुन्हां उठूं पाहत. गोठा मोडून ४० वर्षें लोटलीं होतीं. सकाळीं त्यांनीं मला ओळखलें, माझ्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली. दिवेलागणीस पुन्हां वासरूं! रात्रपाळीच्या मंडळींनीं त्यांचे हात पट्ट्यांनीं खाटेस बांधले. वासरूं सुटलेलें आणि हात बांधलेले. त्या अधिकच झगडूं लागल्या, यांत नवल तें काय? पुढें एका तरुण डॉक्टरांनीं लघवी तपासविली, तींत जंतुसंसर्ग सांपडला. त्यावर औषध सुरू झालें, झोपेची नवी गोळी बंद झाली, चष्मा आणि कानाचें यंत्र घरून आलें. पट्ट्या सुटल्या, आणि सून उशाशीं बसूं लागली. चार दिवसांनीं आत्यांनीं मनगटावरचा वळ पाहून, हें कशाचें, म्हणून विचारलें. कोणीच उत्तर दिलें नाहीं.

ह्या अवस्थेस डॉक्टर डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश महिन्यांमहिन्यांनीं, वर्षांवर्षांनीं वाढत जातो. ही अवस्था कांहीं तासांत किंवा दिवसांत येते, घटकेंत चढते, घटकेंत उतरते, आणि रात्रीं विशेष बळावते. मुळाशीं संसर्ग, शरीरांतील पाण्याची तूट, रक्तांतील सोडियमची घट, तुंबलेली लघवी, वेदना किंवा एखादें औषध, अशीं कारणें असतात. पुष्कळदां एकाहून अधिक.

१९९९ सालीं अमेरिकेंतील येल येथील डॉ. शेरॉन इनोये आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं ७० व त्यावरील वयाच्या ८५२ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. नेहमींच्या शुश्रूषेंत १५ टक्के रुग्णांस हा भ्रम झाला. दुसऱ्या गटास वार-तारीख सांगितली, चालविलें, पाणी पाजलें, चष्मा व श्रवणयंत्र पुरविलें, गोळीवांचून झोप येईल असें पाहिलें. त्यांच्यांत तो ९.९ टक्क्यांस झाला. एकदां जडलेल्या भ्रमावर मात्र ह्या उपायांचा फारसा प्रभाव दिसला नाहीं. तेव्हां चष्मा पहिल्याच दिवशीं पिशवींत घालावा हें बरें.

बडबडणाऱ्याकडे कोणी धांवून तरी येतें. भिंतीकडे तोंड करून गुंगींत निमूट पडलेल्यासहि हाच विकार असूं शकतो, आणि हा मुका प्रकारच अधिक नजरेंतून सुटतो. त्याच्या कागदावर रात्रपाळीची नोंद असते: ‘झोप शांत.’