कोंगदूरीच्या उतारावर बंद पडलेला कॅमेरा

एका बॅटरीवरचा राग एव्हाना ओसरायला हवा होता. तो ओसरत नाही, कारण त्या बॅटरीपायी माझ्या लेकीची गुलमर्गच्या कोंगदूरीवरून न पडता केलेली पहिली रन मला टिपता आली नाही.

आदल्या हिवाळ्यात तिने गुलमर्गला स्कीइंगचा बेसिक कोर्स केला. तेव्हाच तिचे सर म्हणाले होते, ‘‘खालून व्हिडिओ काढा आणि संध्याकाळी तिला दाखवा. वजन कुठल्या पायावर पडतंय हे माझ्या सांगण्यापेक्षा तिला स्वतःला बघून लवकर कळेल.’’ म्हणून पुढच्या खेपेसाठी कॅमेरा घ्यायचं ठरलं. बजेट 15 हजार.

जो तो म्हणे, फोर-के ॲक्शन कॅमेरा घ्या. मला ते पटेना. त्याची लेन्स फार वाइड. पायथ्याशी उभं राहून शूट केलं तर पोर ठिपक्याएवढी दिसते आणि चांगला उभा उतारही सपाट वाटतो. गुडघे वाकलेत का, हे बघायचं तर ऑप्टिकल झूमच हवा. खोक्यावर मोठ्या आकड्यात छापलेल्या डिजिटल झूमचा काही उपयोग नाही. दुप्पट डिजिटल झूम केला की चित्राचा चौथा हिस्साच उरतो आणि तोच ताणून दाखवला जातो. शिवाय सेकंदाला 50 फ्रेम्स हव्यात. ताशी 40 किलोमीटरने येणारा स्कीअर सेकंदाला 11 मीटर कापतो. 25 फ्रेम्सवर दोन फ्रेम्सच्या मधे जवळजवळ अर्धा मीटर निघून जातो, आणि वळताना काय चुकलं ते नेमकं तिथेच निसटतं. व्ह्यूफाइंडरही हवा, कारण बर्फावरच्या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही.

हे सगळं त्या पैशांत नवं मिळणं शक्य नव्हतं. मुंबईच्या बोरा बाजारात एक जुना हँडीकॅम मिळाला. लेन्समध्ये टॉर्च मारून बघितली. मुंबईच्या दमट हवेत लेन्सला बुरशी फार लवकर धरते. ही स्वच्छ होती. सोबत मूळ मालकाची जुनी बॅटरी होती. एक जास्तीची असावी म्हणून नवी बॅटरी पुण्यात एका दुकानातून घेतली. ‘‘कंपनीची ओरिजिनल आहे, ताई,’’ असं दुकानदार दोनदा म्हणाला. सील होतं, होलोग्राम होता. बिल मागितलं तर साध्या कागदावर रक्कम लिहून दिली.

त्या सकाळी कोंगदूरीला पारा शून्याच्या बराच खाली होता. नवी बॅटरी पूर्ण चार्ज करून लावली होती. लेक वरून निघाली, मी रेकॉर्डिंग सुरू केलं, तिचं पहिलं वळण व्ह्यूफाइंडरमध्ये आलं आणि कॅमेरा बंद. जाकिटाच्या आतल्या खिशातून जुनी बॅटरी काढून लावेपर्यंत ती माझ्यासमोर येऊन उभी होती. ‘‘आलं ना गं आई सगळं?’’ मी मान हलवली. संध्याकाळी तिला खरं सांगावं लागलं.

पुण्याला परतल्यावर दुकानात गेले. ‘‘बर्फात कशाला नेलीत? थंडीत कुठलीच बॅटरी चालत नाही.’’ थंडीत लिथियम बॅटरीची ताकद घटते, हे खरंच आहे. पण मग कित्येक वर्षं वापरलेली जुनी बॅटरी त्याच उतारावर, त्याच दिवशी, दुपारपर्यंत कशी चालली? मी दोन्ही बॅटऱ्या काउंटरवर ठेवल्या. नवी हाताला सरळ हलकी लागत होती. जुनी लावली की कॅमेरा उरलेली मिनिटं दाखवायचा, नवी लावली की नाही. त्याने दोन्ही हातात घेतल्या, बघितल्या आणि म्हणाला, ‘‘तुमच्याकडे बिल कुठंय?’’ बिल त्यानेच दिलं नव्हतं! मागे गिऱ्हाईक ताटकळत होतं. त्यांच्यातलं एकही माणूस बोललं नाही, याचाही मला त्रास झाला.

खरं तर ती रन पूर्ण हरवली असंही नाही. सोबतच्या एका मुलाने आपला ॲक्शन कॅमेरा तिच्या हेल्मेटला लावून दिला होता. त्यात तिचे गुडघे दिसत नाहीत, वजन कुठे पडलं ते कळत नाही, सरांना त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. पण तिचा श्वास ऐकू येतो, वळताना स्की बर्फ कापतात तो आवाज येतो. आमच्या घरी तेवढाच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला जातो. मग मी एवढा झूम-झूम करत कशाला हिंडले, असं मनात येतं. शिकायला मात्र हँडीकॅमच उपयोगी पडला, यावर मी ठाम आहे.

जाणार असाल तर बॅटऱ्या अंगाशी, आतल्या खिशात ठेवा. पांढऱ्या बर्फाला कॅमेरा फसतो आणि माणसं काळपट येतात, म्हणून एक्सपोजर एक-दीड स्टॉप वाढवा. उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच बाहेर काढा, नाहीतर आत दव धरतं.

आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका. त्यावर ‘ओरिजिनल’ असं लिहून घ्या. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला शुल्क लागत नाही.